आधी देणी द्या, मग जकात

मी मालेगावच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित शिकवते. आठवीला चक्रवाढ व्याजाचा धडा आहे. दोन वर्षांपूर्वी तो शिकवताना मी फळ्यावर उदाहरण लिहिले. मुद्दल दहा हजार, दर द.सा.द.शे. दहा, मुदत दोन वर्षे. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "आपा, ये गलत है. सूद साल का नहीं होता, महीने का होता है."

वर्ग हसला. मीही हसले. विचारले, "बरं, मग महिन्याला किती?" तो म्हणाला, "सैकडा तीन. और पहले महीने का पहलेच काट लेते."

हे ऐकून मात्र वर्गातली काही मुले हसली नाहीत. त्यांच्या घरीही हाच दर चालत असावा.

दोन महिन्यांनी तो मुलगा शाळेत येईनासा झाला. मी घरी गेले. बापाचे आठ माग होते. चार भंगारात गेले होते, चार बंद होते. मुलगा दुसऱ्याच्या कारखान्यात कांडी मशीनवर बसत होता. आईने चहा आणला तेव्हा तिच्या हातात बांगड्या होत्या त्या काचेच्याही नव्हत्या, प्लास्टिकच्या होत्या. बाप मान खाली घालून म्हणाला, "बस आपा, सहा महिने. धंदा सुधरला की परत पाठवतो."

हे वाक्य मी याआधी ऐकले होते. माझ्या अब्बांनी २०१७ साली माझ्या धाकट्या भावाबद्दल हेच म्हटले होते. भाऊ परत कॉलेजात गेला नाही. तो मुलगाही शाळेत परत आला नाही.

म्हणून हा लेख लिहिते आहे. मी अर्थतज्ज्ञ नाही. मी बी.एड. झालेली मास्तरीण आहे आणि माझ्याजवळ पुरावा म्हणून फक्त हजेरीपट आहे. परंतु आमच्या गावात धंदा कधी बुडाला हे बँकेला कळायच्या आधी, सरकारला कळायच्या कितीतरी आधी, हजेरीपटाला कळते.

छोटा धंदा अडचणीत आला की तो का आला याची उत्तरे सगळ्यांकडे तयार असतात. कुणी म्हणतो, जुने माग आहेत, रेपियर घ्या. कुणी म्हणतो, हे लोक शिकलेले नाहीत, हिशेब ठेवत नाहीत. कुणी म्हणतो, बाजाराचा नियम आहे, मोठा मासा लहान माशाला खातो. आमचेच काही लोक म्हणतात, आपण मुसलमान आहोत म्हणून. या प्रत्येक उत्तरात थोडे खरे आहे. परंतु एकाही उत्तरात तो माणूस अडचणीच्या दिवसांत नेमके काय करतो, कसा तग धरतो, हे येत नाही. आणि माझे म्हणणे असे की, तो तग कसा धरतो हे पाहिले तरच त्याला कोणी मारले ते कळते.

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी ही काही आकाशातून पडलेली गावे नाहीत. १८५७ नंतर उत्तरेतून उजाडून आलेल्या विणकरांनी मालेगावात हातमाग आणले. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी यंत्रमाग आणला. १९८२ च्या संपात मुंबईच्या गिरण्यांची धडधड थांबली आणि कापड विणण्याचे काम आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये आले. गिरणी मालकाला फायद्याचे होते, कारण येथे ना युनियन, ना प्रॉव्हिडंट फंड, ना बारा तासांच्या पाळीला हरकत. म्हणजे देशाला स्वस्त कापड मिळावे म्हणून या धंद्याला मुद्दाम लहान ठेवले गेले. दहा माग, बारा माग, चोवीस माग. आता तोच लहानपणा त्याचा गुन्हा ठरवला जातो.

या धंद्याची रीत वाचकांनी समजून घेतली पाहिजे. सूत रोखीने किंवा थोड्या दिवसांच्या उधारीवर घ्यायचे. वीजबिल महिन्याचे, ते थकले की जोडणी तोडतात. कामगाराची मजुरी आठवड्याची, ती शुक्रवारच्या सुट्टीआधी द्यावीच लागते. आणि कापड विकायचे ते मात्र उधारीवर. साठ दिवस, नव्वद दिवस, एकशे वीस दिवस. देणे आठवड्याचे आणि येणे चार महिन्यांचे, या दोन काठांच्या मधल्या पाण्यात आमचा मागवाला पोहत असतो. तो तोट्याने बुडत नाही. त्याच्या वहीत नफा असतो! तो बुडतो ते त्याचा पैसा दुसऱ्याच्या गल्ल्यात असतो म्हणून.

अब्बांचे बारा माग होते. त्यांनी तग कसा धरला ते मी पायरी पायरीने सांगते, कारण गावात सर्वांचा जिना हाच आहे.

पहिली पायरी पाळी कमी करण्याची. रात्रपाळी बंद. म्हणजे कामगार निम्मे. मुकादमाला सांगायचे, "काम कमी आहे, पुढच्या महिन्यात या."

दुसरी पायरी मजुरी दाबण्याची. पिकावर मजुरी ठरलेली असते. त्यात काही पैसे कमी करायचे. मी येथे अब्बांची वकिली करणार नाही. त्यांनी ते केले. ज्या माणसाने आमच्याकडे चौदा वर्षे माग चालवला, त्याची मजुरी त्यांनी कापली आणि त्या आठवड्यात आमच्या घरी मटण शिजले होते.

तिसरी पायरी स्वतःच्या सुताने विणणे सोडून मजुरीवर विणण्याची. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, आपले फक्त माग, वीज आणि घाम. इचलकरंजीत याला खर्चीवाला म्हणतात. काल जो मालक होता तो आज स्वतःच्या कारखान्यात मजूर होतो. फरक एवढाच की मजुराला निदान वीजबिल भरावे लागत नाही.

चौथी पायरी घरातल्या बायकांची. कांडी भरायला बाहेरचा मुलगा होता, तो गेला. मग अम्मी, मी आणि माझी बहीण बसलो. त्याची मजुरी नाही, कारण घरचे काम. त्यानंतर अम्मीचे सोने. आधी गहाण, मग मोड. सोने मोडून आलेल्या पैशाला आमच्याकडे 'भांडवल' म्हणतात. बाईचा दागिना गेला असे कोणी म्हणत नाही.

पाचवी पायरी बी.सी.ची. वीस जणांची भिशी असते. ज्याला गरज जास्त, तो बोली लावून कमी रक्कम उचलतो आणि हप्ते मात्र पूर्ण भरतो. राहिलेली रक्कम बाकीचे वाटून घेतात. हे व्याज नाही असे सगळे शपथेवर सांगतात. मी गणिताची शिक्षिका आहे, मला हे व्याजच दिसते. एक बी.सी. फेडायला दुसरी उचलायची, दुसरीसाठी तिसरी.

सहावी पायरी शेकडा तीनची. सावकार आता पगडी घालत नाही. तो मोटारसायकलवर येतो, नमाजीही असतो आणि कागदावर 'हातउसने' असे लिहून घेतो. सोबत कोरा चेक. राज्यात २०१४ पासून सावकारीचा नवा कायदा आहे, परवान्याशिवाय व्याजाने पैसे देणे गुन्हा आहे. परंतु तक्रार कोण करणार? चेक त्याच्याकडे आहे. तो वटला नाही की कलम १३८ खाली कोर्टात उभा राहणारा सावकार नसतो, मागवाला असतो.

सातवी पायरी भंगाराची. लोखंड किलोवर जाते. ज्या मागावर आमची शिक्षणे झाली, बहिणीचे लग्न झाले, तो माग हातोड्याने फोडून टेम्पोत भरतात. अब्बा त्या दिवशी घरी थांबले नाहीत. मशिदीत जाऊन बसले.

आणि आठवी पायरी, मुलगा. तो हजेरीपटावर दिसतो.

आता हा जिना नीट पाहा. प्रत्येक पायरीवर काय होते? व्यापाऱ्याने पैसे अडवले, त्याचा भार मागवाल्याने कामगारावर टाकला. कामगार गेला तेव्हा बाईवर टाकला. बाईचे सोने संपले तेव्हा मुलावर टाकला. यालाच आपण 'धंदा टिकवणे' म्हणतो. धंदा टिकत नाही, तोटा तेवढा खाली सरकतो. आणि ज्याच्या खाली कोणी उरत नाही, त्याच्यापाशी जाऊन थांबतो. माझ्या वर्गात तो तेरा वर्षांचा असतो.

या दशकात या जिन्यावरून ढकलण्याचे काम सरकारनेही हौसेने केले. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा गेल्या. ज्या धंद्यात दर आठवड्याला रोख मजुरी द्यावी लागते, तेथे नोटच नाही. माग सुरू, विणणारा समोर, सूत बीमवर आणि माग बंद! पुढच्या वर्षी १ जुलैला जीएसटी आला. पॉलिएस्टर सुतावर आधी १८ टक्के, ऑक्टोबरपासून १२ टक्के आणि त्या सुताच्या कापडावर ५ टक्के. जास्त कर भरून घ्यायचा, कमी कर लावून विकायचे आणि मधला फरक सरकारात अडकून पडायचा. तो परत मिळण्याची सोय झाली १ ऑगस्ट २०१८ पासून. सुतावरचा दर कापडाइतका, म्हणजे ५ टक्के, झाला २२ सप्टेंबर २०२५ ला. आठ वर्षांनी! ज्यांनी ही मागणी २०१७ साली केली होती त्यांतल्या कितीतरी जणांचे माग तोवर भंगारात जाऊन वितळलेही.

मग मार्च २०२० ची टाळेबंदी. मेमध्ये छोट्या उद्योगांसाठी तीन लाख कोटींच्या हमीच्या कर्जाची घोषणा झाली. तारण नको, हमी सरकारची. मोहल्ल्यात आनंद झाला. अब्बा कागद घेऊन बँकेत गेले. तेथे कळले की, २९ फेब्रुवारी २०२० ला तुमच्या नावावर जेवढे कर्ज बाकी होते, त्याच्या २० टक्के मिळेल. अब्बांच्या नावावर बँकेचे कर्जच नव्हते. शून्याचे वीस टक्के किती, हे मी आठवीच्या मुलाला विचारू शकते. ज्याला बँकेने आधी कधी उभे केले नाही, त्याला संकटातही उभे केले नाही. त्यांच्या नावावर बी.सी. होती, शेकडा तीन होते, अम्मीचे सोने होते. त्या कर्जाची नोंद कोणत्याच खात्यावर नव्हती.

त्याच वर्षी त्याच शहरातल्या दुसऱ्या बँकेने मला कर्ज दिले. शिक्षणसेवकाची तीन वर्षे तुटपुंज्या मानधनावर काढून मी नुकतीच कायम झाले होते. पगाराची स्लिप दाखवली आणि पैसे मिळाले. बारा माग, चाळीस वर्षांचा अनुभव आणि एक रुपया न बुडवल्याचा लौकिक, यांवर जे मिळाले नाही ते माझ्या एका स्लिपवर मिळाले. मी ते पैसे अब्बांच्या हातात दिले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्यातून सावकार फिटला. माग मात्र वाचले नाहीत.

सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ च्या अहवालात लिहून ठेवले आहे की, काही बँकांनी मुस्लिम वस्तीचे भाग 'नकारात्मक क्षेत्र' म्हणून बाजूला काढले होते. देशातला मुसलमान नोकरीत कमी आणि स्वतःच्या छोट्या धंद्यात जास्त, हेही त्याच अहवालात आहे. म्हणजे ज्या समाजाला कर्जाची गरज जास्त त्याच्याच वस्तीवर फुली. हे मी विसरलेले नाही. परंतु मला आमच्या लोकांना हेही सांगायचे आहे की, हे रडगाणे फक्त आपले नाही. सोलापूरचा पद्मशाली विणकर मुसलमान नाही. इचलकरंजीचा खर्चीवाला बहुतेक मुसलमान नाही. त्यांचाही जिना हाच आहे आणि त्यांच्याही बायकांचे सोने असेच गेले आहे. आपण आपल्या दुःखाला फक्त कौमचे दुःख म्हटले की दोन नुकसाने होतात. जो शेजारी याच दुःखात आहे तो आपल्यापासून तुटतो. आणि आपल्याच कौममधला जो आपला पैसा अडवून बसला आहे, तो सुटतो.

होय, मी त्याच्याकडेच येते आहे.

मोठ्यांची गोष्ट मात्र वेगळी असते. याच कापडाच्या धंद्यातली आलोक इंडस्ट्रीज ही मोठी कंपनी कर्जात बुडाली. देणेकऱ्यांचे दावे सुमारे तीस हजार कोटींचे होते. मार्च २०१९ मध्ये न्यायाधिकरणाने सुमारे पाच हजार कोटींची बोली मंजूर केली. रुपयामागे सतरा पैशांच्या आसपास. कंपनी नव्या मालकाकडे गेली आणि चालू राहिली. मला त्याचे वाईट वाटत नाही. कारखाना चालू राहिला, कामगार राहिले, चांगलेच झाले. माझा प्रश्न एवढाच आहे की, ८३ पैसे सोडायची तयारी ज्या व्यवस्थेत आहे, तेथे आमच्या मागवाल्याला तीन महिन्यांची मुदत का मिळत नाही? २०१६ चा दिवाळखोरीचा कायदा कंपन्यांसाठी धावला. २०२१ मध्ये छोट्या उद्योगांसाठी त्यात सोपी वाट केली, तीही कंपनी म्हणून नोंदलेल्यांसाठीच. आमचा कारखाना एका माणसाच्या नावावर असतो. साध्या माणसाच्या दिवाळखोरीचा त्या कायद्यातला भाग वर्षानुवर्षे लागूच केला गेला नाही. मालेगावच्या मागवाल्याच्या वाट्याला आला तो इंग्रजांनी केलेला १९२० चा कायदा. कंपनी बुडाली तर तिची 'पुनर्रचना' होते. आमचा माणूस बुडाला तर तो गाव सोडतो.

आणि तरीही कायदे अजिबात नाहीत असे नाही. हेच जास्त संतापजनक आहे. छोटा उद्योग आजारी पडायला लागला की त्याचे खाते बुडीत ठरण्याआधीच बँकेने दखल घ्यावी, समितीपुढे न्यावे, मुदत वाढवावी किंवा जास्त भांडवल द्यावे, अशी केंद्र सरकारची अधिसूचना मे २०१५ ची आहे. रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक मार्च २०१६ चे आहे. कर्जदाराला स्वतःहूनही अर्ज करता येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ही चौकट बँकांवर बंधनकारक आहे, मात्र उद्योजकाने वेळेत पुढे येऊन आपण छोटा उद्योग असल्याचे कागदानिशी सांगितले पाहिजे. मी आमच्या गल्लीतल्या ज्या मागवाल्यांची बँकेत खाती आहेत त्यांतल्या कित्येकांना विचारले. एकालाही हे माहीत नव्हते. बँकेच्या भिंतीवर थकबाकीदारांचे फोटो लावायला जागा असते, या परिपत्रकाला नसते.

दुसरा कायदा २००६ चा. छोट्या उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. म्हणजे माझ्या त्या विद्यार्थ्याचे म्हणणे कायद्यालाही मान्य आहे, व्याज महिन्याचे असते! फरक एवढाच की कायद्यात ते व्याज मागवाल्याला मिळायचे आहे, त्याने भरायचे नाही. २०२३–२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही तरतूद आली. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर व्यापाऱ्याला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, त्यावर कर भरावा लागतो.

यावर आमच्या बाजारात काय झाले? व्यापाऱ्यांनी पैसे लवकर दिले का? काहींनी दिले असतील, त्यांना माझा सलाम. परंतु आमच्या ओळखीच्या एका मागवाल्याला त्याच्या शेठने सांगितले, "तुझी उद्यम नोंदणी रद्द करून ये, नाहीतर तुझा माल घेत नाही." ज्या कागदाने त्याला संरक्षण मिळणार, तो कागदच फाडून ये! आणि तो गेला. का गेला? कारण त्याचा घेणारा एकच होता. कायद्यात तक्रारीची सोय आहे, जिल्ह्याजिल्ह्यांतून सुविधा परिषदेपुढे जाता येते, घरबसल्या अर्ज करता येतो. परंतु पाण्यात राहून मगरीविरुद्ध अर्ज कसा करायचा, ते कोणत्याही अर्जात लिहिलेले नाही.

येथे मला हिशेब मांडू द्या. समजा एका व्यापाऱ्याकडे मागवाल्याचे चार लाख रुपये चार महिने अडकले. त्या काळात मजुरी आणि वीज भागवायला मागवाल्याने तेवढेच पैसे शेकडा तीनने उचलले. महिन्याला बारा हजार, चार महिन्यांचे अठ्ठेचाळीस हजार. हे अठ्ठेचाळीस हजार कोणाचे? वरवर पाहता मागवाल्याने सावकाराला दिले. खरे पाहता व्यापाऱ्याने चार लाख रुपये चार महिने फुकट वापरले आणि त्याचे भाडे मागवाल्याने भरले. गरीब माणूस श्रीमंताला बिनव्याजी कर्ज देतो आहे आणि स्वतः व्याजाने घेऊन देतो आहे. व्याज हराम असल्याचे बयान आमच्याकडे दर जुम्म्याला होते. हे व्याज कोणाच्या खात्यावर लिहायचे ते कोणी सांगत नाही.

हे व्यापारी कोण आहेत? काही मारवाडी आहेत, काही गुजराती आहेत, पाली-बालोत्रा, अहमदाबादच्या पेढ्या आहेत. परंतु वाचकहो, काही आपले आहेत. हाजी आहेत. मदरशांचे ट्रस्टी आहेत, शाळांच्या संस्थांवर आहेत. रमजानमध्ये त्यांच्या दारावर रांग लागते. शेवया, साखर, सलवार-कमीजचे कापड आणि पाकीट. अब्बांच्या कारखान्याचे माप ज्या पेढीवर दीड वर्ष थकले होते, त्याच पेढीकडून एके रमजानमध्ये आमच्या घरी शिध्याची पिशवी आली. कोणीतरी त्यांना सांगितले होते की, हे घर 'मुस्तहिक' आहे, जकातीस पात्र आहे. अम्मीने पिशवी परत पाठवली. मला त्या वेळी राग आला होता, घरात तेल नव्हते. आज मला अम्मी बरोबर वाटते. ती पिशवी आमच्याच पैशाची होती. फक्त ती आमचे देणे म्हणून आली नव्हती, त्यांचे पुण्य म्हणून आली होती.

मी आलिमा नाही. परंतु जेवढे दीन घरात शिकले त्यावरून मला माहीत आहे की, ऐपत असताना देणे लांबवण्याला हदीसमध्ये जुलूम म्हटले आहे. मजुराच्या घामाची हदीस तर गावातल्या लहान मुलालाही पाठ आहे. कुरआनात अडचणीतल्या कर्जदाराला मुदत द्यायला सांगितले आहे आणि जकात ज्या आठ जणांवर खर्च करायची त्यांत कर्जात बुडालेला माणूस वेगळा मोजला आहे. मग आमच्या मोहल्ल्याच्या जकातीतून किती कर्जदार मोकळे होतात? शेकडा तीनच्या फासातून किती कारखाने सुटतात? बिनव्याजी पतसंस्था आमच्याकडे आहेत, त्यांचे काम मोलाचे आहे. परंतु त्या सोन्यावर थोडी रक्कम देतात. लग्नाला, आजारपणाला ती पुरते. कारखान्याच्या मजुरीला पुरत नाही.

आता थोडे आपल्या मागवाल्यांनाही बोलते, कारण मी त्यांच्याच घरातली आहे. आपण अडचण लपवतो. पाच माग बंद पडले तरी शेडमधला दिवा लावून ठेवतो, लोकांना वाटावे की रात्रपाळी सुरू आहे. अब्बांनी हे केले आहे. रिकाम्या शेडला विजेचा खर्च! याला आपण इज्जत म्हणतो. ही इज्जत सावकाराच्या फायद्याची आहे, कारण जो आपली अडचण सांगत नाही त्याला दुसरीकडे मदत मिळत नाही. मुलीच्या लग्नात तीनशे माणसे जेवली नाहीत तर बाजारातली पत जाईल, हा हिशेबही तसाच. आपण बिले लिहीत नाही, चिठ्ठीवर माल देतो. चिठ्ठीवर कोर्ट चालत नाही. घरातल्या बायकांना धंद्याची वही दाखवत नाही. सोने मागताना मात्र आठवण येते. माझ्या अम्मीला अब्बांवर किती कर्ज आहे हे सावकार दारात आला त्या दिवशी कळले. तिला दोन वर्षे आधी कळले असते तर तिने माग विकायला लावले असते आणि आम्ही कर्जातून वाचलो असतो. धंदा कधी बंद करावा हे ठरवणे हीसुद्धा शहाणपणाची गोष्ट आहे. त्याला हार म्हणायची सवय आपण सोडली पाहिजे.

मग करायचे काय? एकट्याने तक्रार केली तर तो मरतो, हे मान्य. म्हणून तक्रार एकट्याने करायची नाही. आमच्या गावात मागवाल्यांच्या संघटना आहेत. माल साचला की सगळे मिळून पंधरा दिवस माग बंद ठेवतात, एवढी एकी आहे. तीच एकी ४५ दिवसांसाठी का नाही? ज्या पेढीची थकबाकी ४५ दिवसांच्या वर गेली तिचा माल कोणीच विणणार नाही, एवढा एक ठराव करा. परिषदेपुढे अर्ज संघटनेने लिहून द्यावेत, वीस जणांचे एका दिवशी. उद्यम नोंदणीला पैसा लागत नाही, ती कोणाच्या सांगण्यावरून रद्द करू नका. बँकेत हप्ता थकण्याआधी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मला अर्ज लिहिता येतो. माझ्यासारख्या शंभर शिक्षक-शिक्षिका या गावात आहेत. आपण भाषणे खूप केली, आता शाळा सुटल्यावर तासभर अर्ज लिहू.

सरकारकडे माझे मागणे फार नाही. वीज सवलतीची घोषणा दर निवडणुकीला नको, एकदा करा आणि पाळा. मदत करताना आधीचे कर्ज विचारू नका, आधीचे काम विचारा. एका माणसाच्या कारखान्यालाही कंपनीसारखी कर्जातून उठण्याची वाट द्या.

आणि शेठ लोकांनो, तुमच्याकडे शेवटचे मागणे. रमजान येईल. तुम्ही जकातीचा हिशेब करायला मुनीमजींना बसवाल. त्याआधी दुसरी वही उघडा, उधारीची. ज्या मागवाल्यांचे पैसे ४५ दिवसांच्या वर तुमच्याकडे आहेत, त्यांची यादी करा. ते पैसे तुमचे नाहीत. त्यांवर तुमची जकात निघत नाही आणि त्यांतून तुम्हाला खैरात करता येत नाही. ते आधी परत करा. त्यानंतर जे उरेल त्याची जकात काढा. मग कदाचित तुमच्या दारातली रांग आपोआप लहान होईल.

माझ्या हजेरीपटावर त्या मुलाच्या नावापुढे अजून लाल शाईची रेघ आहे. त्याचा बाप माग परत सुरू करील की नाही, मला माहीत नाही. परंतु एका पेढीवर त्याचे पैसे आहेत. ते आले तर पोरगा निदान पुढच्या जूनमध्ये माझ्या वर्गात बसेल.